पाठीवरचा चट्टा

आपली वाडी, पोस्ट वैशाखरे, ता. मुरबाड
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. दिनेश,

"आधी कोंडूशेटचं नाव घ्या, मंग माझ्या गुडघ्याचं." बाबाचं हे वाक्य तुला आठवतं का? आज सकाळी प्रार्थनेला बसले आणि ते एकदम कानात आलं. तू तेव्हा चौथीत असशील, मी दहावीत. कोंडूशेटने माणसं घेऊन येऊन आपला प्रार्थनेचा मांडव मोडला होता, बाबाच्या गुडघ्यावर त्याची काठी बसली होती, आणि त्याच संध्याकाळी आपण हात जोडून बसलो तेव्हा बाबाने हे सांगितलं. तू रागाने विचारलंस, "का? दुखतोय तर तुझा गुडघा." बाबा म्हणाला, "माझा गुडघा देवाला दिसतोय रे. त्याचं कोन सांगनार?"

असो. तू, संगीता आणि मुलं आटगावला सुखरूप असाल. इकडे आम्ही दोघी प्रभूच्या दयेने बऱ्या आहोत. आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता तिला तांदळातला खडा दिसतो, त्यामुळे माझ्या निवडण्यात रोज चुका निघतात. डाव्या डोळ्याला डॉक्टरांनी उन्हाळ्यात बोलावलं आहे. वनपट्ट्याच्या तुकड्यावर भात बरं झालं होतं, पण भारे खळ्यावर आणायच्या आत अवकाळी पाऊस पडला. वरचे भारे काळे पडले, खालचे चांगले निघाले.

नाताळला तू आला नाहीस. आईने कोंबडीचं कालवण केलं होतं. तुझ्या वाट्याचं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाकून ठेवलं, मग शेजारी देऊन आली. मी तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा संगीता म्हणाली, "अंघोळीला गेलेत." आपल्या घराण्यात इतका स्वच्छ माणूस याआधी झाला नव्हता. संगीताला काही बोलू नकोस, तिला खोटं सांगता येत नाही, आवाजावरून कळतं. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला अंघोळीला जाऊन चुकवता येत नाही.

माझं म्हणशील तर शहापूरच्या दवाखान्यातली आयाची नोकरी सोडून आता दोन वर्षं होतील. अकरा वर्षं पेशंट उचलले, वळवले, पुसले. आता अंग रिकामं राहायला तयार नसतं. ऑक्टोबरपासून दुपारची एका पेशंटकडे जाते. म्हातारा माणूस आहे, डाव्या बाजूने लकवा मारला आहे. गावातच आहे.


मंगळवार, १४ जानेवारी

रविवारी 'गावातच आहे' असं लिहिलं आणि पुढे हात चालेना. तुला सगळं आधीच कळलेलं आहे आणि मी ते असं लिहिते आहे, जणू दुसऱ्याच कुणाचं घर आहे. तर नीट लिहिते. मी कोंडूशेटच्या घरी जाते. रोज दुपारी दोन ते सहा. पैसे घेत नाही.

हे कसं झालं ते तुला वाडीतल्यांनी त्यांच्या परीने सांगितलं असेल. माझ्याकडून ऐक. कोजागिरीच्या दोन दिवस आधी रंभाबाई वाडीत आल्या. कोंडूशेटची बायको आपल्या दारात यायची ही पहिलीच वेळ. आत नाही आल्या, कुडाबाहेर उभ्या राहिल्या. आई सुपात तांदूळ पाखडत होती.

"ठकू, तुजी रत्ना दवाखान्यात व्हती ना?"

"व्हती. आता घरी हाय."

"त्यांना उठवाया कोनी नाय गो. माजा हरेश आसनगावला. त्याची सकाळची गाडी, रातची गाडी. रयवारचा येतो. माज्यानं वळत नाय."

आई पाखडत राहिली. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "तिला इचारा. मी जा सांगनार नाय, नि नको बी सांगनार नाय."

मी हो म्हटलं. का म्हटलं, ते लिहायला मला तीन महिने लागले आहेत. तुला वाटेल, बाबाची शिकवण म्हणून. रंभाबाईंनाही तसंच वाटलं, त्या माझ्या हाताला हात लावून रडल्या. मीही तसंच समजून चालले होते. पण पहिल्या दिवशी त्यांच्या ओटीवरून आत गेले, तो खाटेवर पडलेला दिसला, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, आणि मला जे वाटलं ते दया नव्हती, दिनेश. मला बरं वाटलं. मला त्याला असं बघायचं होतं.

वैऱ्यावर प्रेम करा, हे प्रभूचं सांगणं आपण शाळेत होतो तेव्हापासून ऐकत आलो. मी ते मान खाली घालून ऐकायचे आणि मला वाटायचं, म्हणजे मनात राग ठेवायचा नाही, नाव निघालं की गप्प बसायचं, एवढंच. वैऱ्याची नखं कापावी लागतात, त्याच्या लघवीची पिशवी रिकामी करावी लागते, भाताची पेज त्याच्या गालात अडकली की बोटाने काढावी लागते, हे कधी डोक्यात आलंच नव्हतं. पहिल्या आठवड्यात तो माझ्या हातचं खायचा नाही. पेज थुंकायचा. जीभ वळत नव्हती तरी एवढं बोलला, "तुजा हात नको." मी म्हटलं, "मला पण नको आहे शेट, पण दुसरा आणायचा कुठून?" रंभाबाई दारात उभ्या होत्या, त्यांना हसू आलं आणि लगेच त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या दिवसापासून तो खायला लागला.

त्याने माफी मागितली नाही. तसं खोटं लिहून मी तुझं मन वळवणार नाही. मी कोण आहे हे त्याला चांगलं कळतं. तो माझ्याकडे बघतो आणि मान फिरवतो.

मधे एकदा रंभाबाईंनी एक गोष्ट सांगितली. पेरणीआधी गावदेवीपुढे पहिला नारळ फोडायचा मान आपल्या घराचा होता, हे तुला माहीत आहे. वसईकडच्या वीटभट्टीवरून बाबा प्रभूला धरून आला आणि त्याने तो मान सोडला. त्याच आषाढात कोंडूशेटची पाच वर्षांची मुलगी तापाने गेली. मी तेव्हा आश्रमशाळेत राहायचे, मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, त्यांना एकच मुलगा.

"हे म्हनायचे, तुज्या बापानं, बारक्यानं नारळ फोडला असता तर माजी पोर रायली असती," रंभाबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"मी म्हनायची, मुरबाडला न्यायला गाडी मिळाली असती तर रायली असती. पन बाईमान्साचं कोन ऐकतं?"

पुढच्याच वर्षी मांडव मोडला. हे कळल्यावर माझा राग गेला असं समजू नकोस. राग होता तिथेच आहे. फक्त आता त्याच्या शेजारी ती पोर पण येऊन बसते.

वाडीत काय चाललं आहे तेही सांगते. नळावर मी हंडा घेऊन गेले की धोंडीबाई मोठ्याने म्हणते, "सरका गो सरका, शेटाची सून आली." पहिल्यांदा बाया हसल्या. आता हसत नाहीत आणि बोलतही नाहीत, हे जास्त लागतं. रविवारी आपल्याकडे प्रार्थनेला चौदा माणसं यायची, आता आई, मी आणि लखमाची बायको. लखमा बायकोला सोडतो आणि कुडाबाहेर बिडी ओढत बसतो. मी त्यांना दोष देत नाही. बाबाला मातीत ठेवून झाल्यावर तू सगळ्यांच्या हातात माती दिलीस आणि म्हणालास, "आजपासून वाडीतला कोनी त्याच्या अंगनात पाय ठेवायचा नाय." माझ्याही हातात दिली होतीस. माझी मूठ तेव्हा सगळ्यांत घट्ट होती.

तो दिवस मला लिहायचा नव्हता. पण लिहिल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आठ वर्षं झाली. पुराचे दिवस होते. बाबाला आपण बांधावरच्या वाटेने नेत होतो, वाडीतलं प्रत्येक मढं त्याच वाटेने जायचं, आजोबाही गेले होते. कोंडूशेट बांधावर उभा होता, मागे पाच-सहा जण. म्हणाला, "किरिस्तावाचं मढं माज्या बांधावरून जायाचं नाय." आई त्याच्या पाया पडली. तो हलला नाही. मग आपण ओढ्यातून निघालो. पाणी कमरेच्या वर होतं. लखमाचा पाय घसरला आणि तिरडी तिरपी झाली. तू उडी मारलीस. बाबा खाली करंजाच्या मुळांना अडकलेला सापडला. त्याच्या तोंडातला गाळ मी माझ्या ओढणीने काढला. तू तेव्हा ज्या आवाजात ओरडलास तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. तू वाडी सोडून आटगावला गेलास तेव्हा मला नवल वाटलं नाही. त्या ओढ्याकडे रोज बघत कोण राहील?

आता जे मी रविवारपासून टाळते आहे ते.

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी मी कोंडूशेटला वळवत होते. पाठ पुसायची, पावडर लावायची, कूस बदलायची, हे माझं रोजचं काम. त्या दिवशी माकडहाडाच्या वर लाल चट्टा दिसला. रुपयाएवढा. बोटाने दाबला तर पांढरा होईना, लालच राहिला. दिनेश, अकरा वर्षं मी हेच शिकले. नव्या मुलींना मी हेच शिकवायचे, असा चट्टा दिसला की त्या बाजूवर पेशंटला एक मिनिटही ठेवायचं नाही, लगेच सिस्टरला सांगायचं, नाहीतर आतून सडायला लागतं. मला विचार करावा लागत नाही, हात आपोआप उशी घेतो.

त्या दिवशी मागचं दार उघडं होतं. वळवताना माझी नजर बाहेर गेली. त्या दारातून बांधावरची ती वाट दिसते. शेवटपर्यंत दिसते, तो उभा होता तिथपर्यंत.

मी त्याला परत त्याच पाठीवर ठेवलं.

चादर सारखी केली. घरी आले. आईने विचारलं, "कसा हाय?" मी म्हटलं, "तसाच." बुधवारी चट्टा मोठा होता. गुरुवारी त्याचा रंग जांभळा झाला. शुक्रवारपर्यंत रोज मी पाहिला, पावडर लावली आणि परत पाठीवर ठेवलं. माझ्या हाताने कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त उशी लावली नाही. संध्याकाळी घरी येऊन प्रार्थनाही केली, आणि त्या प्रार्थनेत त्याचं नावसुद्धा घेतलं. हे लिहिताना मला माझीच भीती वाटते.

शनिवारी कातडी फुटली. वास आला. तेव्हा मी रंभाबाईंना हाक मारली आणि घाबरल्यासारखं केलं, जणू आत्ताच दिसलं.

हरेशने रजा टाकली आणि गाडी करून त्याला नेलं. दहा दिवस दवाखान्यात ठेवून घरी पाठवलं. डॉक्टर म्हणाले, आता सगळं वळवण्यावर आणि धुण्यावर आहे, जखम हाडापर्यंत गेली तर वाचणार नाही. ती आता माझ्या तळहाताएवढी आहे.

रंभाबाईंना मी नाताळच्या आदल्या दिवशी सांगितलं. त्या ओटीवर वाल सोलत होत्या. म्हटलं, "तो चट्टा मी मंगळवारीच पाहिला होता. तुम्हाला शनिवारी सांगितला."

त्यांचे हात थांबले नाहीत. "मी सोमवारी रातीच पायला व्हता, तू गेल्यावर," म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलनार? तुज्या बापाला या घरानं पान्यातून न्यायला लावलं. नि मी तुला सांगू, याची पाठ नीट बघ म्हनून? तोंड कुठून आनू गो?"

मीही त्यांच्याजवळ वाल सोलायला बसले. वाल सोलून झाले तेव्हा त्यांनी अर्धे माझ्या पिशवीत घातले. मला वाटलं होतं, त्या मला घरातून काढतील. काढलं असतं तर सुटले असते.

तुला मी हे का सांगते? तू माझ्याशी बोलत नाहीस, कारण तुला वाटतं, ताई फार चांगली झाली, बाबासारखी झाली, आपल्या रागाला लाजवते आहे. तसं काही नाही रे. तुझा राग उघडा आहे. माझा मी चादरीखाली लपवला आणि त्याने एका लुळ्या माणसाचं मांस खाल्लं. तुझ्यापेक्षा माझे हात जास्त मळलेले आहेत, हे तुला माहीत असावं.

त्या दिवसानंतर माझ्या मनात प्रेम उगवलं का, असं विचारशील. मला माहीत नाही. जखम धुताना तो कण्हला की माझा हात हलका पडतो. त्याला काही नाव द्यायला मला भीती वाटते.

आता अडचण ऐक. जखम धुवायला पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ त्याला कुशीवर धरून ठेवावं लागतं. तो हाडापेराने मोठा माणूस, लुळं अंग अजून जड होतं. रंभाबाई धरायच्या, पण नव्या वर्षाच्या दुसऱ्याच दिवशी त्या न्हाणीत पडल्या, मनगट प्लॅस्टरमध्ये आहे. मुरबाडहून एक माणूस पगारावर आणला होता, तीन दिवसांत वासाने पळाला. हरेशने एका रविवारी धरलं. बापाची जखम पाहिली आणि त्याची पकड सुटली, मी अर्धवट सोडून त्याला आधी बाहेर बसवलं. तेव्हापासून मी एकटी गुडघ्याने टेकू देऊन धुते. नीट होत नाही. काल पू पुन्हा जास्त होता.

लखमाला विचारलं. तो म्हणाला, "रत्नाताई, तुज्यासाठी मी येईन गो. पन माती हातात घेतलीय. दिनेशनं घातलेली हाय, दिनेशच मोडू दे. तो आला त्या घरात, तर मी रोज येतो." बाकीचेही हेच म्हणतील. वाडी शब्दाला पक्की आहे, हे मी तुला काय सांगावं?

त्या घराची वेठ परत सुरू कर, असं मी म्हणत नाही. ते लाकडं वाहणं, अंगण सारवणं सुटलं ते फार बरं झालं, ते परत नको. बाबाला जे केलं ते झालं नाही असंही म्हणायला सांगत नाही. त्याने माफी मागितलेली नाही, तुला ती द्यायची नसेल तर देऊ नकोस.

येत्या रविवारी ये. आटगावहून सकाळी निघालास तर दुपारपर्यंत पोचशील. त्याच्याशी बोलू नकोस, त्याच्या घरचं पाणी घेऊ नकोस, वाटलं तर डोळे मिटून उभा राहा. मी जखम धुवेन, तू फक्त पाऊण तास त्याला तुझ्या छातीशी धरून ठेव. पडू देऊ नकोस.

तू नाही म्हणशील, हे मला माहीत आहे. तुझ्या जागी मी असते तर मीही नाही म्हटलं असतं, आणि माझा तसा हक्क आहे असंही वाटलं असतं. म्हणूनच समोर येऊन विचारत नाही, लिहून विचारते, म्हणजे नाही म्हणताना तुला माझ्याकडे बघावं लागणार नाही. पण गप्प राहू नकोस. नाही असेल तर नाही असं कळव.

तुझ्या नकाराचीसुद्धा वाट बघणारी,
तुझी ताई
रत्ना